लाल झेंडी माझी नव्हे

"मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. कंपाउंडरला 'डॉक्टर कधी होणार' असं विचारावं, तसा तो सूर असे. मी कधी उत्तर दिलं नाही. मी बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहिल्या, त्याही मराठीत, आणि त्याही बालाघाटात बसून. यातली एखादीच गोष्ट केली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. तिन्ही एकदम केल्यामुळे मी विक्षिप्त ठरले.

बालाघाट मध्य प्रदेशात येतं. आजोबा सरकारी नोकरीत इथे आले, वडील त्याच वाटेनं गेले, आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, हिंदीतून. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. पुण्याच्या ज्या मासिकानं माझं बहुतेक लेखन छापलं, त्याचे संपादक पहिली काही वर्षं माझ्या पत्त्यात राज्य म्हणून महाराष्ट्र लिहीत. पत्र यायचं, पण हिंडून-फिरून. मी चूक कळवली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि त्या दिलगिरीच्या पाकिटावरही महाराष्ट्रच लिहिलं.

हा धंदा कसा चालतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. माझा वाचक बोलणाऱ्या प्राण्यांना कंटाळलेला असतो आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांतलं त्याला निम्मं कळतं, निम्मं कळल्याचं तो दाखवतो. त्याला उपदेश लांबून वास आल्यासारखा कळतो. पहिल्या दोन पानांत काही घडलं नाही तर तो पुस्तक मिटतो आणि ते पुन्हा उघडत नाही. मोठा वाचक लाजेकाजेखातर का होईना, पन्नासएक पानं वाचतो. शिवाय गोष्टीतल्या आईबापांना वेळेवर बाजूला काढावं लागतं, नाहीतर तेच सगळे प्रश्न सोडवून टाकतात. कोणाला गावाला पाठवायचं, कोणाला आजारी पाडायचं. माझ्या कादंबऱ्यांतले बाप सहसा ड्यूटीवर असत.

माझी स्वतःची एक रीत होती. गोष्ट मराठीत लिहायची, पण त्याआधी शाळेतल्या मोकळ्या तासाला मुलींना हिंदीतून सांगायची. सांगता सांगता मी मुद्दाम थांबे. कोणी "फिर?" म्हणालं तर ते प्रकरण लिहायचं. कोणीच म्हणालं नाही तर सोडून द्यायचं. "फिर?" म्हणणाऱ्या त्या मुलींपैकी फारच थोड्यांनी माझं छापलेलं काही वाचलं असेल. मराठी त्यांना कळायची, वाचायला मात्र जड जायची. लिपी एकच असूनही पुस्तकी मराठीचं लांबलचक वाक्य पाहिलं की त्या पान माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "मॅडम, आप ही पढ़ दो."

छापलेल्या अक्षरावर लोकांचा किती विश्वास असतो, हे मला जवळच्या हट्टा गावच्या बावलीनं शिकवलं. ती जुनी पायऱ्यांची विहीर मी एका रहस्यकथेत वापरली आणि तिच्या तळाशी एक भुयार घातलं. भुयार शुद्ध माझ्या मनातलं. पुढल्या सुट्टीत मी शाळेची सहल घेऊन तिथे गेले, तर राखणदारानं माझं नाव ऐकून हात जोडले. "तो आप हैं! मॅडम, वो सुरंग कहाँ है, मुझे भी बता दो. गोंदिया के लड़के आकर टॉर्च मारते हैं. मैं बोलता हूँ नहीं है, तो बोलते हैं, किताब में छपा है!" मी त्याची माफी मागितली, पण मनातून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. जे घडू शकत नाही ते लिहायचं नाही. मासिकात माझी ओळख 'वास्तववादी' अशी छापून येऊ लागली, आणि मी त्या शब्दाला जागत राहिले.

त्याच शिस्तीत मी मंदाची कादंबरी लिहिली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मंदा ही लामता गावाच्या पुढे, जंगलातल्या एका लहानशा स्टेशनाजवळ राहणारी मुलगी. स्टेशन मी कल्पनेनं उभं केलं, छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची गाडी मात्र खरी. मंदाचा बाप रेल्वेत गँगमन, रूळ तपासत हिंडणारा, कमी बोलणारा. मंदाला शिकायला शहरात जायचं आहे, घरच्यांना तिचं लग्न करायचं आहे, आणि बाप गप्प आहे. ही कादंबरी मासिकात क्रमशः येत होती. क्रमशः लिहिण्यात एक गंमत अशी की वाचक जेव्हा "आता काय होणार" म्हणून झुरत असतो, तेव्हा लेखकानं ते लिहून, पोस्टात टाकून, दुसऱ्या कामालाही सुरुवात केलेली असते. शेवटचं प्रकरण मी केव्हाच पाठवलं होतं. त्यात मंदा पिशवी घेऊन स्टेशनवर जाते, गाडी येते, ती उभी राहते, आणि गाडी निघून जाते. मंदा घरी परतते. त्या गावातली मुलगी एकटी गाडीत चढत नाही, हे मला भूगोलाइतकं पक्कं माहीत होतं. त्या शेवटाचा मला अभिमान होता.

तो अंक यायचा असताना एका रविवारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. पन्नाशीचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आत आला आणि चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"तुमीच का मंदावाल्या बाई?"

मी हो म्हणाले.

"मी शामराव. लांजीहून येऊन राह्यलो. मले एवढंच इचारायचं होतं, मंदा जाते का नाई?"

असे वाचक पत्रांतून भेटत, दारात पहिल्यांदाच. मी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि शेवट आधी सांगायचा नसतो असं हसून म्हटलं. ते हसले नाहीत. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. लहानपणी ते महाराष्ट्रातल्या आमगावला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकले होते. घरात मराठी सरसर वाचणारे ते एकटेच. दर महिन्याला गोंदियाहून मासिक आणायचं आणि संध्याकाळी सगळ्या घराला वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. कसं वाचतात तेही त्यांनी दाखवलं. चष्मा लावला, माझ्या टेबलावरचा अंक घेतला आणि जिभेला अंगठा लावून पान उलटलं.

"एक अक्षर इकडचं तिकडं करत नाई मी," ते म्हणाले. "छापलेलं ते छापलेलं."

मग मुद्द्यावर आले. त्यांची मुलगी सुषमा बारावी झाली होती. नागपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. घरात स्थळ पाहणं सुरू होतं. आणि सुषमानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की मंदा गेली तर मीही जाणार, मंदा राहिली तर तुम्ही सांगाल तिथे लग्न करीन.

माझं डोकं तापलं. मला वाटलं, हा गृहस्थ मंदाला घरी बसवा असं सांगायला एवढ्या लांब आला आहे. मी त्यांना बरंच ऐकवलं. मुलीचं आयुष्य कादंबरीवर ठरवता का, शिकायला पाठवायची हिंमत नसेल तर तसं सरळ सांगा, माझ्या मंदाच्या आड लपू नका, वगैरे. वर्गात मुलींवर ओरडायची सवय होती, त्यामुळे आवाज चढला. शामरावांनी सगळं ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला.

"कोण बसवून राह्यलं बाई तिले घरी?" ते म्हणाले. "मले तिले धाडायचंच आहे."

"मग धाडा की!"

"घरात माझं कोण ऐकते? दादा म्हणते तेच होते." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. "माझं फक्त वाचनच ऐकतात. चष्मा लावून अंक हाती घेतला का दादाबी रेडिओ बंद करते. मी माझ्या मनानं दोन गोष्टी बोललो का उठून जातात. मंदा गेली असं छापून आलं ना, तर मले फक्त वाचायचं आहे. पुढचं तेच पाहून घेतील."

 मला शरम वाटली आणि थोडी भीतीही वाटली. मी लिहिलेलं कोणाच्या इतकं उपयोगी पडू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ज्याच्या उपयोगी पडायचं होतं त्याच्या नेमकं उलट मी लिहून बसले होते. अजून काही करता येईल का पाहते, पुढच्या रविवारी या, एवढंच मी त्यांना म्हणाले.

वाचकाच्या सांगण्यावरून लेखकानं शेवट बदलू नये, हे मला आजही मान्य आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवर गेले. संपादकांना शेवट बदलायचा आहे म्हणाले.

"अहो बाई, तो फॉर्म छापून मशीनवरून उतरलासुद्धा," ते म्हणाले. "आणि बदलताय कशाला? सुंदर शेवट आहे. अगदी खरा."

एरवी त्या 'अगदी खरा'वर मी आठवडाभर खूश राहिले असते.

शामराव रविवारी आले. या वेळी मी धंद्याचा नियम मोडला आणि त्यांना शेवट सांगून टाकला. मंदा जात नाही. गाडी येते आणि निघून जाते.

 मग त्यांनी विचारलं, "बाप काय करते?"

"बाप त्या प्रकरणात नाही."

"कुठी असते तो?"

"ड्यूटीवर. लाईनवर."

"लाईनवर असते," ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले. "बरं झालं बाई, आधी सांगतलं."

मोटरसायकल गेल्यावर मी पुष्कळ वेळ फाटकाशी उभी होते. सुषमाचं नागपूर माझ्यामुळे हुकलं, असं मी धरून चालले. अंक आला. नेहमीप्रमाणे पत्रं आली, त्यांत शेवटाची स्तुती होती. मी ती पत्रं फार वाचली नाहीत. लांजीला जाऊन यावं असं अनेकदा मनात आलं, पण जाऊन बोलणार काय? पुढे मी दुसऱ्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांत स्टेशन कुठेच येऊ दिलं नाही.

मंदाचं पुस्तक निघायला बरीच वर्षं गेली. कुमारांच्या पुस्तकांचं असंच असतं, मोठ्यांची रांग संपली की त्यांचा नंबर. शेवटी नागपूरच्या एका प्रकाशकानं ते घेतलं आणि प्रुफं माझ्याकडे आली. ती तपासायच्या आधीच मी अंगणात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालायला मदत करणाऱ्या सिस्टरनं चिठ्ठीवरचं माझं नाव वाचलं आणि हातातलं बँडेज तसंच धरून ठेवलं.

"तुमी मंदावाल्या बाई का?"

शब्द ओळखीचे होते. तरी मला उमगायला वेळ लागला.

"मी सुषमा. लांजीची. बाबा तुमच्याकडे आलते ना?" ती भराभर सांगू लागली. नागपूरला शिकली, तिकडेच काही दिवस काम केलं, मग इथे नोकरी लागली. "तुमच्या मंदामुळे गेली मी. तो शेवट ऐकून आमच्या घरी सगळे रडलते. बापानं लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली, तेव्हा तर मोठे बाबाबी रडले, बाबांचे दादा. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, रेल्वेचा गडी नोकरीवर पाणी सोडून पोरीले धाडते, अन् आपल्याच्यानं बसचं तिकीट काढणं होत नाई का? त्यांनीच आणून सोडलं मले नागपूरले."

माझ्या कादंबरीत लाल झेंडी नव्हती. गाडी थांबली नव्हती.  मला इतका आनंद झाला होता की मनगटाचं दुखणं काही वेळ जाणवलंच नाही.

"तो अंक आहे का घरी?" मी विचारलं.

"नाई ना. कोणी वाचायले नेला म्हणाले बाबा, परतच आला नाई. आता पुस्तक केव्हा निघते?"

"निघतंय," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता पुढची अडचण माझ्या लक्षात आली. पुस्तक निघणार, सुषमा ते घेणार, आणि शेवटचं प्रकरण उघडणार.

ती अडचण शामरावांच्याही लक्षात आली होती. प्लास्टर निघून थोडेच दिवस झाले असतील, ते मुलीला भेटायला शहरात आले आणि परतताना माझ्याकडे थांबले. केस पांढरे झाले होते. या वेळीही दारातच उभे राहिले.

"तिले सांगतलं का बाई तुमी?"

"काही नाही सांगितलं."

ते आत येऊन बसले. "पुस्तकात ते तुमचंच येईन ना? गाडी निघून जाते ते?"

"तुम्ही काय वाचलं होतं ते मला नीट सांगा," मी म्हणाले. "पहिल्यापासून. मी लिहून घेते."

"मले तसं येत नाई," ते संकोचून म्हणाले. "हाती काई छापलेलं पायजे."

मी त्यांना त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं. त्यांनी चष्मा लावला, धानाचे भाव छापलेलं पान समोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली. त्यांची भाषाच बदलली. 'मले', 'तुले' गेलं आणि स्वच्छ पुस्तकी मराठी येऊ लागली, माझीच वाटावी अशी. मंदा पिशवी घेऊन धावत होती, पण गाडी सुटली होती. वळणापलीकडे तिचा बाप रूळ तपासत होता. त्यानं गाडी पाहिली आणि गाडीमागून धावणारी मुलगी पाहिली. त्यानं काखेतली लाल झेंडी काढली आणि तो रुळांच्या मधोमध उभा राहिला. गाडी थांबली. ड्रायव्हरनं वरून ओरडून विचारलं, "काय तुटलं?" बाप म्हणाला, "काही तुटलं नाही. माझी मुलगी राहिली आहे."

माझं मनगट अजून कच्चं होतं, अक्षर वेडंवाकडं येत होतं. शामराव दर वाक्याला माझ्यासाठी थांबत. धानाच्या भावांवरची नजर त्यांनी शेवटपर्यंत हलवली नाही.

"शामराव, त्या बापाला निलंबित करतील," न राहवून मी म्हणाले. "विनाकारण गाडी थांबवली म्हणून."

"करतीलच ना," ते म्हणाले आणि चष्मा काढला. "त्याले माहीत नाई का ते?"

प्रुफांतलं माझं शेवटचं प्रकरण मी काढलं आणि त्यांचं घातलं. विरामचिन्हं माझी, बाकी सगळं त्यांचं. पुस्तकावर त्यांचं नाव घालायचं मी सुचवलं, तर ते घाबरले. दादांना कळेल म्हणाले. पुण्याच्या एका परीक्षणात आलं की कादंबरी संयत आहे, शेवट मात्र लेखिकेच्या नेहमीच्या वास्तववादाशी विसंगत आणि भाबडा वाटतो. कात्रण मी जपून ठेवलं आहे. माझ्या सगळ्या पुस्तकांत दुसरी आवृत्ती निघालेलं पुस्तक ते एकच.

पहिल्या प्रतींपैकी एक मी लांजीला पाठवली होती. काही दिवसांनी सुषमा ड्यूटीवर जाताना माझ्याकडे डोकावली. मी विचारलं, घरी वाचन झालं का?

"हौ. पुरं घर बसलतं. मोठे बाबाबी होते."

"शेवटापर्यंत?"

"शेवटापर्यंत." ती म्हणाली. "एक सांगू बाई? शेवटचं प्रकरण वाचताना बाबांनी पान नाई उलटवलं. बाकी पुस्तकभर अंगठा ओला करून उलटवत होते. अन् ते प्रकरण एकाच पानावर पुरं वाचलं."

शामरावांना सांभाळून घेणं माझं काम होतं. "आधी एकदा वाचलेलं ना," मी म्हणाले. "पाठ झालं असेल."

सुषमा माझ्याकडे पाहून हसली. "तेव्हाबी नव्हतं उलटवलं," ती म्हणाली. "मी समोरच बसली होती."

"म्हणजे तुला तेव्हापासूनच माहीत होतं?"

"हौ."

"मग त्यांना कधी बोलली नाहीस?"

"काहून बोलू? एवढ्या मेहनतीनं वाचलतं त्यांनी." तिनं पर्स खांद्याला लावली, घड्याळ पाहिलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.